इंदूर ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

इंदूरपासून न्यूयॉर्क किती लांब आहे, या प्रश्नाचे उत्तर किलोमीटरमध्ये द्यावे की तासांमध्ये, हे विचारणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून असते. भूगोलाच्या विद्यार्थ्यास किलोमीटर हवे असतात. परंतु ज्या घरातील वडीलधारी व्यक्ती अत्यवस्थ आहे आणि ज्या घरचा मुलगा अमेरिकेत नोकरीस आहे, त्या घरातील मंडळींना किलोमीटरशी काही कर्तव्य नसते. मुलगा केव्हा पोहोचेल, एवढेच त्यांना हवे असते. होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतून, तसेच धुळे, जळगाव, बुऱ्हाणपूर या पट्ट्यातील गावांमधूनही शिक्षण वा नोकरीच्या निमित्ताने परदेशी गेलेल्यांची संख्या आता थोडी राहिलेली नाही. म्हणून हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. आणि त्याचे उत्तर देताना सुशिक्षित माणसेही वारंवार चुकतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

चूक होण्याचे कारण असे की अंतर आणि वेळ या दोन गोष्टी आपण एकच मानतो. बैलगाडीच्या काळात तसे मानणे योग्य होते. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली कोकणातून निघून महूमार्गे उत्तरेकडे गेले, तेव्हा दिवसाकाठी जेवढी वाट चालून होई तेवढा प्रवास होई. वाट दुप्पट, तर दिवसही दुप्पट. विमानाच्या प्रवासास हा सरळ हिशेब लागू पडत नाही. तेथे पृथ्वीचा गोल आकार, आकाशातील वारे, राष्ट्रांच्या सरहद्दी आणि घड्याळाचे काटे अशा चार गोष्टी मध्ये येतात.

एकाच प्रवासाची तीन अंतरे

दूरच्या शहराकडे वळण्यापूर्वी जवळचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. इंदूर आणि मुंबई यांमधील अंतर किती? पक्ष्याच्या उड्डाणाप्रमाणे सरळ रेषेत मोजल्यास ते सुमारे ५०५ किलोमीटर भरते. सेंधवा, शिरपूर, धुळे, नाशिक या मार्गाने जाणारा जुना मुंबई-आग्रा रस्ता धरल्यास तेच अंतर सुमारे ५९० किलोमीटर होते. आणि अवंतिका एक्सप्रेसने जाणारा प्रवासी उज्जैन, रतलाम, गोध्रा, बडोदे, सुरत असा मोठा वळसा घेऊन सुमारे ८३० किलोमीटरनंतर मुंबईस उतरतो. शहरे तीच, अंतरे तीन. दक्षिणेकडे जावयाचे असताना गाडी प्रथम ईशान्येस देवासकडे आणि मग उत्तरेस उज्जैनकडे निघते, हे पाहून नवख्या प्रवाशास नवल वाटल्यास त्याचा दोष नाही. मध्ये सातपुड्याच्या रांगा आणि नर्मदा-तापीची खोरी असल्याने हा वळसा पडला. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटर लांबीच्या नव्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. त्याचा अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये आहे. तो पूर्ण झाल्यावर रेल्वेचे हे अंतर सुमारे ५७० किलोमीटरवर येईल, म्हणजे रस्त्यापेक्षाही किंचित कमी होईल.

विमानास डोंगर वा नदी आडवी येत नाही. त्यामुळे दोन शहरांमधील हवाई अंतर म्हणजे सरळ रेषेतील अंतर, असे आपण म्हणतो. मुंबईपर्यंत हे म्हणणे खरे धरता येते. न्यूयॉर्कच्या बाबतीत मात्र 'सरळ रेषा' म्हणजे काय, येथपासूनच विचार करावा लागतो.

भिंतीवरील नकाशा आणि टेबलावरील पृथ्वीगोल

शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशावर इंदूर व न्यूयॉर्क या दोन ठिकाणांवर पट्टी ठेवून रेषा ओढली असता ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. अशा रेषेच्या दिशेने, एकच दिशा धरून विमान गेले, तर त्यास सुमारे १४,२०० किलोमीटर उडावे लागेल. आता नकाशा बाजूस ठेवून पृथ्वीगोल घ्यावा. एक बारीक दोरा इंदुरावर धरून दुसरे टोक न्यूयॉर्कवर न्यावे आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. ही वाट पाहून विद्यार्थी चकित होतात. कारण दोरा पश्चिमेकडे न जाता उत्तर-वायव्येकडे निघतो, मध्य आशिया व रशिया ओलांडतो, नॉर्वेजवळच्या समुद्रावर आर्क्टिक वृत्ताच्याही किंचित पलीकडे जातो आणि मग खाली उतरून न्यूयॉर्कला पोहोचतो. या वाटेने अंतर भरते सुमारे १२,३०० किलोमीटर. पट्टीच्या रेषेहून १,९०० किलोमीटर कमी!

अंतर मोजण्याची रीत सोपी आहे. त्याच दोऱ्याने पृथ्वीगोलावरील विषुववृत्ताचा पूर्ण वेढा मोजावा; तो प्रत्यक्षात सुमारे ४०,००० किलोमीटरचा आहे. इंदूर-न्यूयॉर्क दोऱ्याची लांबी त्या वेढ्याच्या तीन-दशांशांहून किंचित अधिक भरेल. त्रैराशिक मांडले की उत्तर हाती येते. ज्या शाळेत पृथ्वीगोल नसेल तेथे फुटबॉलवर खुणा करूनही हा प्रयोग होऊ शकतो. शिक्षकांनी तो अवश्य करून दाखवावा. फळ्यावर लिहून सांगितलेले 'बृहद्वृत्त' परीक्षेनंतर विसरले जाते, बोटांनी ताणलेला दोरा सहसा विसरला जात नाही.

भिंतीवरील नकाशा खोटा आहे, असा याचा अर्थ नव्हे. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर पसरताना कोठेतरी ताण पडणारच. संत्र्याची साल टेबलावर दाबून पाहिली की ती कडांना फाटते, तसेच हे. नकाशाकार साल फाटू न देता ताणतात. ध्रुवांकडील प्रदेश त्यामुळे अवास्तव मोठे दिसतात आणि तेथून जाणारी जवळची वाट लांब भासते.

उज्जयिनीची रेषा

हा विषय आपल्याकडे परका नाही, हे येथे सांगणे उचित होईल. इंदूरपासून अवघ्या ५५ किलोमीटरवर असलेली उज्जयिनी ही प्राचीन भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा होती. आज जग ग्रीनिचपासून रेखांश मोजते. भारतीय ज्योतिषी ते उज्जयिनीतून जाणाऱ्या रेषेपासून मोजत. गाव या रेषेच्या पूर्वेस वा पश्चिमेस किती योजने आहे, त्यावरून तेथील सूर्योदयाच्या वेळेतील फरक काढीत आणि त्यास 'देशांतर' संस्कार म्हणत. परदेशास देशांतर म्हणण्याची जी रूढी मराठीत आहे, तिच्याजवळच हा पारिभाषिक अर्थ नांदतो. चंद्रग्रहण सर्वत्र एकाच क्षणी लागते, परंतु निरनिराळ्या गावी त्या क्षणी घटिकापात्र निरनिराळी वेळ दाखविते. हा फरक म्हणजेच दोन गावांमधील पूर्व-पश्चिम अंतर. अंतराचे वेळेत आणि वेळेचे अंतरात रूपांतर करण्याची ही युक्ती विमानाच्या कितीतरी शतके आधीची आहे.

भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धांतशिरोमणीत पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने दिला असून, विषुववृत्तापासून उज्जयिनी या परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर आहे, असे सांगितले आहे. सोळावा हिस्सा म्हणजे साडेबावीस अंश. उज्जैनचा अक्षांश प्रत्यक्षात सव्वातेवीस अंशांच्या जवळ आहे. चूक सुमारे ७५ किलोमीटरची. या हिशेबाने उज्जयिनी महूच्या आसपास पडते! सुलभ अपूर्णांकासाठी आचार्यांनी एवढी सूट घेतली असावी, असे मानण्यास हरकत नाही. पुढे जयपूरचे सवाई जयसिंग यांनी अठराव्या शतकात उज्जैन येथे वेधशाळा उभारली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्या काळात, १९२३ साली, तिचा जीर्णोद्धार झाला. ही यंत्रे आजही पाहावयास मिळतात. सहलीस जाणाऱ्या शाळांनी महाकालेश्वराच्या दर्शनानंतर तासभर तेथेही काढावा.

वाट आणि थांबे

इंदूरच्या पश्चिमेस बिजासन टेकडीजवळ असलेल्या विमानतळासाठी होळकर संस्थानाने १९३५ साली जागेची निवड केली. त्या कामी टाटांच्या विमानसेवेचे नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेण्यात आला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले, तेव्हा तेथून पुढे मद्रासपर्यंत विमान नेणारे ते हेच व्हिन्सेंट. १९४८ साली इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईकडे प्रवासी उड्डाणे सुरू झाली. योगायोग असा की त्याच वर्षी, ८ जून रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्यापूर्वी विलायतेस आगबोटीने जाण्यास दोन ते तीन आठवडे लागत. न्यूयॉर्कची सेवा १४ मे १९६० रोजी लंडनमार्गे सुरू झाली आणि मुंबई ते न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाणासाठी १ ऑगस्ट २००७ हा दिवस उजाडावा लागला.

इंदूरहून न्यूयॉर्कला थेट विमान नाही. देवी अहिल्याबाई होळकर यांचे नाव धारण करणाऱ्या या विमानतळाची धावपट्टी सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीची आहे. पंधरा-सोळा तास पुरेल एवढे इंधन भरलेले अवजड विमान उचलण्यास याहून अधिक लांबीची धावपट्टी लागते; दिल्लीची सर्वांत मोठी धावपट्टी ४,४३० मीटर आहे. त्यातच इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेले आहे. उंचीवर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, पंखांखाली मिळणारा आधार कमी होतो आणि विमानास अधिक धावावे लागते. शिवाय एवढे मोठे विमान रोज भरेल इतके प्रवासी एकाच शहरातून मिळणे, ही अडचण वेगळीच.

तेव्हा कोठेतरी विमान बदलणे प्राप्त होते. दिल्लीमार्गे गेल्यास इंदूर-दिल्ली ६६० आणि दिल्ली-न्यूयॉर्क सुमारे ११,७६० मिळून १२,४२० किलोमीटर होतात. म्हणजे दोऱ्याच्या वाटेहून जेमतेम १२० किलोमीटर अधिक. दिल्ली जवळपास वाटेवरच आहे. मुंबईमार्गे हा प्रवास १३,००० किलोमीटरच्या थोडा पुढे जातो. कारण मुंबईस जाणे म्हणजे प्रथम उलट दिशेने पाचशे किलोमीटर जाणे होय. दुबईमार्गे जाणाऱ्यासही जवळपास तेवढेच अंतर पडते. तथापि या सहा-सातशे किलोमीटरच्या फरकावरून मार्ग निवडणे शहाणपणाचे ठरत नाही. विमान हे अंतर पाऊण तासात कापते, आणि गैरसोयीच्या थांब्यावर आठ तास सहज जातात. तिकीट घेताना किलोमीटर न पाहता मधल्या थांब्याचे तास पाहावेत.

वाऱ्याची करणी

दिल्लीहून न्यूयॉर्कला जाण्यास साधारणतः पंधरा तास वा अधिक लागतात. तेथून परत येण्यास तेरा ते चौदा. अंतर तेच असताना परतीचा प्रवास तास-दीड तासाने लहान का? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते, आणि ते जसेच्या तसे बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. विमान त्या वातावरणातच उडते. हवेत नुसते लोंबकळत राहून खालून शहरे सरकण्याची वाट पाहता आली असती, तर इंधनाची गरजच उरली नसती.

खरे कारण वाऱ्याचे आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमके जेथून मोठी विमाने जातात तेथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. असा एक पट्टा थंडीच्या दिवसांत उत्तर भारतावरून जातो. नदीच्या प्रवाहाविरुद्ध नाव हाकणारा आणि प्रवाहाबरोबर येणारा नावाडी यांच्या श्रमात जो फरक, तोच येथे. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानास सरासरी ७० किलोमीटरचा वारा समोरून लागला, तर जमिनीवरून मोजलेला वेग ८३० होतो. पाठीमागून लागला, तर ९७०. दिल्ली-न्यूयॉर्कचे अंतर पहिल्या वेगाने सव्वाचौदा तासांत, तर दुसऱ्या वेगाने बारा तासांच्या थोड्या अधिक अवधीत कापले जाते. उड्डाण, उतरण आणि धावपट्टीवरील रांगा यांचा वेळ याहून वेगळा.

या वाऱ्याचा उपयोग करून घेतल्याचे एक बोलके उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेण्यास आरंभ केला. नवा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे जुन्यापेक्षा १,४०० किलोमीटरने लांब होता. तरीही पाठीवर वारा घेतल्याने विमान जवळपास दोन तास आधी पोहोचू लागले. लांबची वाट जवळची ठरली! जो वाचक अद्याप अंतर आणि वेळ एकच समजत असेल, त्याने हे उदाहरण पुन्हा वाचावे.

आकाशातील सरहद्दी

दोऱ्याची वाट ज्या देशांवरून जाते त्यांची परवानगी लागते. आकाशास कुंपण दिसत नसले तरी प्रत्येक राष्ट्राची हवाई हद्द असते. २०१९ च्या फेब्रुवारी अखेरीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानने आपली हद्द बंद ठेवली होती. पुढे २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना ती पुन्हा बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या भारतीय विमानांना दक्षिणेस उतरून अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. अमेरिकेकडील काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरणे भाग पडले आणि विनाथांबा प्रवास सथांबा झाला. २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्ध सुरू झाल्यावर रशियाने युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आपले आकाश बंद केले. म्हणून एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांच्या विमानांस निरनिराळा वेळ लागू शकतो. जुन्या तिकिटावरील तास पाहून नवा अंदाज बांधू नये.

घड्याळाचा घोटाळा

सर्वांत जास्त फसगत घड्याळामुळे होते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. १ जानेवारी १९०६ पासून ती लागू झाली. मात्र मुंबईकरांनी आपली ३९ मिनिटे मागची 'बॉम्बे टाइम' १९५५ च्या सुमारापर्यंत सोडली नाही. इंदूर सुमारे ७५.९ अंश रेखांशावर असल्याने तेथील सूर्याची वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते. इंदूरच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर यावयाचा असतो.

न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. हा एक तासाचा फरक पडतो तो तेथील लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात म्हणून. भारतात अशी पद्धत नाही.

एक नमुना हिशेब मांडू. समजा, एक प्रवासी जानेवारीत सोमवारी सायंकाळी सात वाजता इंदूरहून निघाला. साडेआठ वाजता तो दिल्लीस उतरला. मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे मंगळवारी पहाटे पावणेदोन वाजता, त्याचे पुढील विमान सुटले आणि साडेपंधरा तासांनी न्यूयॉर्कला उतरले. त्या वेळी इंदुरात मंगळवारची सायंकाळचे सव्वापाच वाजलेले असतील. न्यूयॉर्कच्या घड्याळात मात्र मंगळवारचीच सकाळ, पावणेसात. तिकिटावरील आकडे पाहणारा म्हणेल की सोमवारी सायंकाळी सातला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला पोहोचला, म्हणजे पावणेबारा तास लागले. खरे लागले सव्वाबावीस. परतीस तो बुधवारी दुपारी बारा वाजता न्यूयॉर्कहून निघाला आणि साडेतेरा तास उडाला, तर दिल्लीस गुरुवारी दुपारी बाराच वाजलेले असतील. येथे चोवीस तास लागल्याचा भास होतो.

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची छापलेली असते. एवढी एक ओळ लक्षात ठेवली तर निम्मा गोंधळ टळतो. दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणाव्यात आणि मग वजाबाकी करावी. उन्हाळी फरक सुरू असल्यास तोही धरावा.

उरलेला निम्मा गोंधळ मध्यरात्रीचा. आपल्या बोलण्यात दिवस उजाडल्याशिवाय तारीख बदलत नाही. रात्री दीड वाजता सुटणाऱ्या गाडीस आपण 'आज रात्रीची' म्हणतो. विमान कंपनीचा दिवस मध्यरात्री बदलतो. बारा तारखेच्या रात्री ००.३० चे विमान म्हणजे अकरा तारखेस जेवण करून निघावयाचे विमान. बारा तारखेच्या रात्री विमानतळावर जाणाऱ्यास ते चोवीस तासांपूर्वीच गेल्याचे समजते. आखाती देशांत कामासाठी जाणाऱ्या खेड्यापाड्यांतील मजुरांच्या बाबतीत या चुकीची किंमत फार मोठी असते. तिकिटाचे पैसे बुडतात, कामावर रुजू होण्याची तारीख हुकते आणि कर्ज काढून केलेली तयारी अडचणीत येते. ग्रामसेवक व शिक्षक यांनी गावातील कोणी असे तिकीट दाखविण्यास आणल्यास तारीख मोठ्याने वाचून, 'अमक्या वाराच्या रात्रीच घर सोडावयाचे' असे स्पष्ट सांगावे. दुबईचे घड्याळ आपल्याहून दीड तास मागे आहे. इंदूर-दुबई हवाई अंतर सुमारे २,०९० किलोमीटर. इंदूरहून परदेशी जाणारे पहिले थेट विमान जुलै २०१९ मध्ये दुबईसच निघाले होते. अशा प्रवासास सव्वातीन तास लागले तरी तिकिटावर पावणेदोन तासच दिसतात.

आता आरंभीच्या घरातील मंडळींच्या प्रश्नाकडे वळता येईल. निरोप मिळाल्यापासून मुलगा न्यूयॉर्कहून इंदुरास केव्हा पोहोचेल? उड्डाणाचे तेरा-चौदा तास हा त्यातील केवळ एक भाग. तिकीट मिळणे, घरून विमानतळ गाठणे आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणापूर्वी तीन तास हजर राहणे यात अर्धा दिवस सहज जातो. दिल्लीस उतरल्यावर पारपत्राची तपासणी, सामान आणि इंदूरच्या पुढल्या विमानापर्यंतचा खोळंबा यांस चार-पाच तास धरावे लागतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीस धुके पडले तर अधिक. सर्व काही सुरळीत जुळून आले तरी तीस तासांच्या आत इंदूरचा उंबरा गाठणे कठीण, आणि दीड दिवस धरून चालणे अधिक सुरक्षित. अंत्यविधी थांबवावयाचा की नाही, हा निर्णय कुटुंबाचा. परंतु 'विमानाने काय, उद्या सकाळी येईल' या अंदाजावर तो घेतला जाऊ नये. मधुमेहासारख्या विकाराची औषधे ठरावीक तासांनी घेणाऱ्या प्रवाशांनीही, वेळापत्रक कोणत्या घड्याळाप्रमाणे पाळावयाचे ते निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

जवळच्या अंतरातील मिनिटे

अंतर लहान असले की हा हिशेब करण्याची गरज नाही, असे वाटण्याचा संभव आहे. इंदूर-दिल्ली ६६० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने पन्नास मिनिटे. वेळापत्रकात मात्र सव्वा ते दीड तास दिलेला असतो. कारण विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, चढण, उतरण आणि दिल्लीच्या आकाशात उतरण्याच्या पाळीची वाट पाहणे हे सारे पन्नास मिनिटांच्या बाहेरचे आहे.

ही मिनिटे कोणाच्या प्राणाशी निगडित असतात, हे इंदूरने अवयवदानाच्या कार्यातून पाहिले आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये मेंदू मृत झालेल्या एका दात्याचे यकृत इंदूरहून विमानाने दिल्लीजवळच्या गुडगाव येथे नेण्यात आले. त्यासाठी रुग्णालयापासून विमानतळापर्यंतचा रस्ता वाहतूक पोलिसांनी मोकळा करून दिला. या व्यवस्थेस 'ग्रीन कॉरिडॉर' म्हणतात, आणि त्यानंतर इंदुरात ती अनेकदा उभारली गेली. शरीराबाहेर काढलेले हृदय बर्फात ठेवले तरी चार ते सहा तासच टिकते. यकृत आठ ते बारा तास. मूत्रपिंड एक दिवस वा थोडे अधिक. या तासांत शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडणे, रस्ता, विमान, पुन्हा रस्ता आणि दुसऱ्या गावची शस्त्रक्रिया एवढे सर्व बसवावे लागते. म्हणूनच मूत्रपिंड पुष्कळ लांब पाठविता येते, यकृतासाठी दिल्ली वा मुंबई पल्ल्यात येते, आणि हृदयासाठी तीच दिल्ली, तेच ६६० किलोमीटर, अगदी कडेलोटावर असतात. अशा वेळी शहरातील रस्त्यावर वाचलेली वीस मिनिटे विमानाच्या वेगाने भरून काढता येत नाहीत. विमान आपल्या ठरलेल्या वेगानेच जाते. आधी मोकळा करावयाचा असतो तो रुग्णालय ते बिजासनपर्यंतचा रस्ता.